एकबाजू सरांची साक्ष

‘एकबाजू सर’ हे नाव मुलांनी ठेवलं खरं, पण ते पक्कं केलं मी. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर एकदा मी त्यांना त्या नावाने हाक मारली आणि ते चक्क वळून म्हणाले, “काय?” झालं! त्या दिवसापासून शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना पाठीमागे तेच म्हणायला लागले. मी मात्र तोंडावर म्हणायची. माझं तोंड फाटकं आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आम्ही दोघं एकाच विभागात, राज्यशास्त्रात, आणि एकाच खोलीत. मधे एक टेबल, दोन्ही बाजूंना खुर्च्या, आणि खाली लाथ मारल्याशिवाय उघडत नाही असं एक कपाट. मी शिकवायची निवडणुका. मतं किती पडली, कुठे पडली, का पडली, सगळं आकड्यांत. ते शिकवायचे राज्यशास्त्रातले उत्तर-आधुनिक दृष्टिकोन. विषयाचं नाव ऐकूनच निम्मी मुलं दुसऱ्या पेपरकडे पळायची. उरलेली वर्गात जाऊन बसली की आधी गोंधळायची, मग हसायची, आणि त्यांतली दोन-तीन कायमची त्यांची व्हायची.

विषय काय होता ते मी माझ्या भाषेत सांगते. म्हणजे ते ऐकत असते तर म्हणाले असते, “मॅडम, इतकं सोपं नाही हो ते.” नसेना का. त्यांचं म्हणणं असं की प्रगती, राष्ट्र, जनतेची इच्छा, असे जे मोठमोठे शब्द आपण ऐकतो, त्या कोणीतरी रचून सांगितलेल्या गोष्टी असतात. ज्याच्या हातात सत्ता त्याची गोष्ट खरी ठरते आणि बाकीच्यांच्या गोष्टी गप्प बसतात. वर्गात ते एखादा साधा प्रसंग द्यायचे. गल्लीतला नळ तुटला. मग एकाने नगरपालिकेच्या बाजूने सांगायचं, एकाने प्लंबरच्या, एकाने वर्तमानपत्राच्या, एकीने रिकामी बादली घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या. प्रत्येकाचं सांगून झालं की सर मान डोलवायचे आणि म्हणायचे, “ही झाली एक बाजू.” म्हणून ते नाव.

आणि बोलताना दोन्ही हातांची दोन-दोन बोटं वर करून हवेत अवतरणचिन्हं काढायची सवय. ‘सत्य’ म्हटलं की बोटं वर. ‘जनता’ म्हटलं की वर. एकदा ते शिपायाला म्हणाले, “पंखा ‘दुरुस्त’ झालाय का?” आणि बोटं वर गेली. शिपाई बिचारा आठवडाभर विचारत होता, सर माझ्यावर संशय घेतात का हो?

मी चेष्टा करते, पण माणूस वाईट नव्हता. पोरांना ते खरंच डोळे देत होते. एखादी सरकारी नोटीस फळ्यावर लिहायची, ‘झोपड्या हटवण्यात आल्या’, आणि विचारायचं, यात हटवणारा कुठाय? राहणारा कुठाय? मुलं वाक्यात माणसं शोधत बसायची. मी दाराबाहेर उभी राहून ऐकलंय ते. मला आकड्यांतून जे शिकवायला महिना लागतो ते त्यांनी एका तासात केलं होतं. तोंडावर मात्र मी कधी तसं म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर ते पुन्हा एकदा म्हणाले असते, ही झाली एक बाजू.

घरी कोणी नव्हतं. म्हणजे बायको होती, ती आपल्या भावाकडे चार दिवस राहायला गेली ती राहिलीच. ती मला एकदा बाजारात भेटली होती. म्हणाली, “काय सांगू ताई, यांच्याशी भांडायला गेलं तर हे भांडणाचाच अभ्यास करतात. मी रडत होते आणि हे मला समजावत होते की माझ्या रडण्याचे किती अर्थ निघतात.” मला हसू आलं, आणि मग तिच्याकडे बघून मी ते गिळलं. मूलबाळ नव्हतं. भाड्याच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत एक पलंग, पुस्तकांचे ढीग आणि इस्त्री. इस्त्रीसुद्धा फक्त कॉलरला आणि मनगटांना करायचे, बाकीचा शर्ट स्वेटरखाली जातो म्हणून. उन्हाळ्यात स्वेटर निघाला की सगळ्या कॉलेजला कळायचं या माणसाला घरी विचारणारं कोणी नाही.

त्यांचं एकच माणूस होतं. कॅन्टीनचे मामा.

मामांना सगळे मामाच म्हणायचे. आमच्या खिडकीतून समोरच कॅन्टीनचं पत्र्याचं छप्पर दिसायचं. मधल्या सुट्टीत सर तिथे जायचे ते थेट शेगडीसमोरच्या टेबलावर. दुसरीकडे बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. मामा विचारल्याशिवाय दोन अंडी तव्यावर फोडायचे, पाव भाजायचे, चहा पुढे ठेवायचे. मग दोघांचा खेळ सुरू. मामा म्हणायचे, “आज चहा फक्कड झालाय, सर.” सर एक घोट घेऊन म्हणायचे, “ही झाली एक बाजू.” मामा लगेच, “मग दुसरी सांगा!” आणि सर तोंड वाकडं करून म्हणायचे, “साखर कमी आहे.” रोज तेच, आणि रोज दोघंही पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे. मला तर वाटायचं, उठावं आणि दोघांच्या डोक्यावर एकेक बशी आपटावी.

रविवारी कॉलेज बंद. रविवार हा एकट्या माणसाचा वैरी असतो, हे मला सांगायला नको, मीही त्यातलीच. मामा रविवारी सकाळी शेगड्या घासायला यायचे आणि मागचं दार उघडं ठेवायचे. सर यायचे. मामा घासायचे, सर टेबलावर बसून बोलायचे, मग दोघं चहा घ्यायचे. मामा मला म्हणाले होते, “सर काय बोलतात त्यातलं मला निम्मं कळत नाही, मॅडम. पण माझ्याशी इतकं कोणी बोलत नाही.”

आता मूळ गोष्ट.

आमच्याकडे विद्यार्थी प्रतिनिधीची निवडणूक व्हायची. मतदान सकाळी, मोजणी दुसऱ्या दिवशी. तोवर मतपेटी राहायची कॅन्टीनच्या कोठीच्या खोलीत, कारण गज असलेली खिडकी आणि धड कुलूप असलेली सगळ्या कॉलेजात ती एकच खोली. किल्ली शेगडीमागच्या खिळ्याला. कॉलेजची ही पद्धत वर्षानुवर्षांची. मी निवडणुका शिकवते, मी दरवर्षी ओरडायची की मतपेटी बटाट्यांच्या शेजारी ठेवू नका. पालथ्या घड्यावर पाणी!

त्या वर्षी मोजणीला पेटी उघडली तर सील तुटलेलं, आणि आत कॉलेजात मुलं आहेत त्यापेक्षा जास्त मतं. सगळी जादा मतं एकाच उमेदवाराला. तो उमेदवार जिमखान्याच्या सरांचा लाडका, आणि जिमखान्याचे सर संस्थेच्या अध्यक्षांचे मेहुणे. आता बोला! हाताच्या कांकणाला आरसा कशाला? पण अध्यक्षांच्या मेहुण्याकडे बोट दाखवायचं कोणी? किल्ली मामांच्या ताब्यात होती, म्हणून मामा दोषी. मामांनी पैसे खाऊन किल्ली दिली असं ठरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मामा चौकशी समितीपुढे हात जोडून म्हणाले, “मतदानानंतर मी दुपारभर शेगडीशी होतो. माझी पाठ खिळ्याकडे होती. पण सर माझ्यासमोर बसले होते, त्यांचं तोंड तिकडेच होतं. सरांना विचारा. सर सांगतील ते मला मान्य.”

समितीने सरांना बोलावलं. ते गेले तेव्हा मी खोलीतच पेपर तपासत होते. परत आले ते असे प्रफुल्लित, की इतक्या वर्षांत मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. खुर्चीत बसले, पुन्हा उठले, कपाटाला विनाकारण एक लाथ मारली.

“मॅडम, आज मी त्यांना चांगलं अडकवलं,” ते म्हणाले.

“म्हणजे? मामा सुटले?”

“अहो, मुळात त्यांना ‘सत्य’ ठरवायचा अधिकार कोणी दिला, हेच मी विचारलं! प्राचार्य, हेडक्लार्क आणि संस्थेचे वकील, तिघं टेबलाच्या त्या बाजूला, मी या बाजूला. ही मांडणीच सत्तेची मांडणी आहे. मी म्हटलं, तुम्ही मला ‘साक्षीदार’ म्हणता तेव्हाच तुमची गोष्ट सुरू होते. मी काय पाहिलं हे माझ्या जागेवरून पाहिलेलं आहे. मामांची एक गोष्ट असेल, किल्लीची एक असेल, तुमची तर आहेच. यातली एकच ‘खरी’ धरायची, ही हिंसा आहे. वकिलाला एक शब्द बोलता आला नाही. नुसता लिहून घेत होता.”

मी पेन खाली ठेवलं.

“सर, एक सांगा. तुम्ही पाहिलंत काय?”

“मी?” ते सहज म्हणाले. “जिमखानावाल्यांनी खिळ्यावरची किल्ली घेतली. माझ्याकडे बघून ‘चेंडू ठेवतो आत’ म्हणाले. फुगलेली पिशवी घेऊन गेले, रिकामी घेऊन आले.”

“आणि मामा?”

“मामा माझी अंडी करत होते.”

“हे सांगितलंत का समितीला?”

“तसं कसं सांगणार, मॅडम? ‘पाहिलं’ म्हणजे काय, हाच तर मूळ प्रश्न आहे. तसं म्हटलं की मी त्यांच्याच चौकटीत गेलो.” बोटं वर गेली आणि मला पाहून अर्ध्यावरच थांबली.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. कपाटाला लाथ मारायची पाळी माझी होती. एवढं आठवतं की मी म्हटलं, “अहो, त्या माणसाने तुमच्या मांडीवर मान ठेवली होती! तुम्ही तिच्यावर व्याख्यान दिलंत!” त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. भीतीने गप्प बसले असते तर मी समजून घेतलं असतं, भीती मलाही वाटते. पण या माणसाला खरोखर वाटत होतं की आपण मामांच्या बाजूने लढून आलो. शिवाय किती वर्षांनी कोणी त्यांना काही विचारलं होतं, तेही तिघांनी, लिहून घेत. चढला बिचारा.

निकाल लागला. सूचनाफलकावर कागद होता: प्रत्यक्षदर्शी साक्षीदारास निश्चित असे काहीही सांगता आले नाही, सबब कॅन्टीनचालकाची सेवा समाप्त करण्यात येत आहे. सर त्या कागदासमोर कितीतरी वेळ उभे होते. वर्गात असते तर विचारलं असतं, यात समाप्त करणारा कुठाय? तिथे कोणाला विचारणार? मुलं बाजूने जात होती.

मामा शेगडी उचलायला आले तेव्हा सर कॅन्टीनच्या दारापर्यंत गेले. मी खिडकीतून बघत होते. मामांनी मान वर केली नाही. सर तसेच मागे फिरले.

मग मी त्यांना अक्षरशः हाताला धरून प्राचार्यांकडे नेलं. फेरसुनावणी मागितली. मी आकडे घेऊन बसले आणि सरांनी, शाबास म्हणायला हवं, एकही अवतरणचिन्ह न काढता सगळं सरळ सांगितलं. किल्ली कोणी घेतली, काय म्हणाले, पिशवी कशी होती. हात टेबलाखाली घट्ट धरले होते, मला दिसत होते.

वकील शांतपणे ऐकत होता. माझ्या आकड्यांना म्हणाला, “मॅडम, मतं जादा आहेत हे आम्हालाही मान्य आहे. कोणी टाकली, हा प्रश्न आहे.” मग कॉलेजच्या वार्षिक अंकाचा एक जुना अंक पुढे ओढला. खूण घालून ठेवलेलं पान उघडलं आणि वाचलं, “‘मी पाहिले’ हे राजकारणातले सर्वात फसवे वाक्य आहे. साक्ष सापडत नाही, ती घडवली जाते.” मान वर करून विचारलं, “सर, हे तुम्हीच लिहिलंय ना?”

“हो.”

“आजही तुमचं हेच मत आहे?”

त्या क्षणी ‘नाही’ म्हणाले असते तर! मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. पण खोटं बोलणं त्या माणसाला जमलं नाही, आणि जन्मभर शिकवलेलं एका दुपारी थुंकूनही टाकता आलं नाही.

“आहे,” ते म्हणाले. “पण किल्ली त्यांनीच घेतली हो.”

वकील हसला सुद्धा नाही. “मग आम्ही कोणत्या तुमच्यावर विश्वास ठेवायचा?” म्हणाला आणि अंक मिटला. बैल गेला आणि झोपा केला, तशी ती फेरसुनावणी. जिमखान्याचे सर त्या वर्षी उपप्राचार्य झाले.

त्यानंतर सर बोलेनासेच झाले. नव्या ठेकेदाराने कॅन्टीनमध्ये बटण दाबून चहा देणारं यंत्र बसवलं. सर तिकडे गेले नाहीत. डब्यात कोरडा पाव आणायचे आणि खिडकीकडे पाठ करून खायचे. त्यासाठी त्यांनी खुर्ची फिरवून घेतली होती. एका सोमवारी पहारेकरी मला म्हणाला, “सर रविवारी येतात हो. मागच्या दारापाशी जातात, कडी हलवून बघतात आणि परत जातात.” ते ऐकून माझा उरलासुरला राग गळाला. म्हणजे गेला नाही, आजही आहे, पण त्याच्यावर कीव येऊन बसली.

मामा तोवर गावाच्या दुसऱ्या टोकाला कोणाच्या तरी खानावळीत भांडी घासायला लागले होते. स्वतःच्या शेगडीचा राजा, आणि दुसऱ्याची खरकटी. मी पत्ता काढला. सरांना म्हटलं, “चला. रविवार आहे.”

“काय सांगू मी त्यांना?”

“समितीला पहिल्यांदा सांगायला हवं होतं ते.”

वाटेत ते एकदाच बोलले. “मॅडम, ते रागावतील ना?”

“रागावू देत की. रागावलेला माणूस निदान बोलतो तरी.”

सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे अरुंद बोळ, बोळाच्या शेवटी दोन खोल्या. दार अर्धं उघडं होतं. दारात मामांच्या त्या ओळखीच्या चपला, एका अंगठ्याला तार गुंडाळलेली. आतून चहा उकळल्याचा वास येत होता. मामी पुढे आल्या. सरांना ओळखलं, मला ओळखलं, आणि खाली चपलांकडे न बघता म्हणाल्या, “ते घरी नाहीत.”

मी तोंड उघडणार होते, पण सरांनी हाताने मला थांबवलं. पायरीच्या खालीच उभे राहिले. दोन्ही हात बाजूला सोडलेले, शाळेत कविता म्हणायला उभं केलेल्या पोरासारखे. आणि आतल्या खोलीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलले, आमच्या खोलीत कधी आवाज न चढवणारा माणूस.

“मामी, त्यांना सांगा. किल्ली जिमखानावाल्यांनी घेतली. मी पाहिलं. मामा माझ्यासमोर होते, त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला हे माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. मामांचा काही दोष नाही. माझा आहे.”

मामी पदराला हात पुसत राहिल्या.

मग आतून मामांचा आवाज आला. रागावलेला नव्हता हो! रागावलेला असता तर मी जाऊन पाय धरले असते. अगदी रोजचा, चहा पुढे करतानाचा आवाज.

“ही झाली एक बाजू, सर.”

सर तसेच उभे होते. मला वाटलं आता हा माणूस कोसळणार. पण ते दाराकडे बघत होते आणि चेहऱ्यावर, देवाशप्पथ सांगते, आशा होती. खेळ सुरू झाला असं वाटलं असावं त्यांना. आता आतून ‘दुसरी सांगा’ येईल, म्हणून थांबले. चहा उकळतच होता.

आतून काही आलं नाही.

“दुसरी बाजू नाहीये, मामा,” शेवटी सर आपणहून म्हणाले. “खरंच नाहीये.”

आत कोणीतरी गॅस बंद केला. उकळण्याचा आवाज थांबला. दोन कपांत चहा ओतल्याचं ऐकू आलं, दोनच, त्या घरातल्या दोन माणसांचे. मामींनी एकदा सरांच्या शर्टाच्या, तेवढ्याच इस्त्री केलेल्या मनगटांकडे पाहिलं, आणि दार आपटलं नाही, हळूच लावून घेतलं.